तोफची, हकीम, वकील... आणि मग लेखक!

जून १६६५. पुरंदरच्या वेढ्यातली मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंगांची छावणी. रात्री तंबूत पत्त्यांचा डाव रंगलाय. खेळणारे तिघं : स्वतः मिर्झाराजे, त्यांच्या पदरचा एक ब्राह्मण आणि सत्तावीस वर्षांचा एक गोरा, देखणा तोफची. तेवढ्यात शिवाजी महाराज आत येतात. सगळे उठून उभे राहतात. महाराजांची नजर त्या गोऱ्या तरुणावर जाते आणि ते विचारतात, हा कुठल्या मुलखाचा राजा? जयसिंग सांगतात, हा फिरंग्यांचा राजा. महाराजांना नवल वाटतं. फिरंगी आमच्याही चाकरीत पुष्कळ आहेत, पण ते असे दिसत नाहीत, असं ते बोलून दाखवतात.

हा प्रसंग आपल्यापर्यंत पोचला, कारण त्या तोफचीनं तो पुढे म्हातारपणी लिहून ठेवला. त्याचं नाव निकोलाव मनुची. गाव व्हेनिस. शिवाजी महाराजांवर लिहिणारे परदेशी खूप झाले, पण बहुतेकांनी ऐकीव माहितीवर लिहिलं. समोरासमोर बसून बोललेला आणि ते कागदावर उतरवलेला माणूस शोधायला गेलं, तर बोटांवर मोजण्याइतकी नावं उरतात. मनुची त्यातला एक. आणि महाराजांची भेट हे त्याच्या आयुष्यातलं एकच पान. बाकीची पानंही तितकीच भन्नाट आहेत.

घर सोडलं चौदाव्या वर्षी

जन्म १६३८चा, साध्या घरातला. पोराला जग बघायचं होतं, बाप सोडायला तयार नव्हता. तेव्हा चौदा वर्षांचा निकोलाव एका जहाजावर चढला आणि लपून बसला. भुकेनं जीव व्याकुळ झाल्यावर बाहेर आला, तोवर किनारा दूर गेला होता. त्याच जहाजावर होता लॉर्ड बेलमाँट. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स तेव्हा परागंदा होता, आणि त्याचा वकील म्हणून बेलमाँट इराण आणि हिंदुस्थानकडे निघाला होता. त्याला पोरगा आवडला. त्यानं चाकरीत ठेवून घेतला.

मग तुर्कस्तानातून आर्मेनिया, तिथून तब्रिझ, इस्फहान, इराणचा शाह दुसरा अब्बास याचा दरबार. बेलमाँटच्या हाती तिथे काही लागलं नाही. पोराच्या हाती मात्र दोन भाषा लागल्या, तुर्की आणि फारसी. पुढच्या साठ वर्षांत या माणसानं जे जे कमावलं, त्याचं भांडवल म्हणजे या दोन भाषा.

१६५६च्या जानेवारीत दोघं सुरतेला उतरले. जूनमध्ये आग्र्याहून दिल्लीला जाताना होडल गावी बेलमाँट अचानक वारला. परमुलूख, वय अठरा, धनी गेलेला. वर मोगली तोफखान्यात चाकरी करणारे दोन इंग्रज हजर झाले आणि मेलेल्याची मालमत्ता बादशहाची, असं म्हणून त्यांनी सामान ताब्यात घेतलं. दुसरा कुणी असता तर त्यानं रडत सुरतेची वाट धरली असती. हा थेट वजिराकडे गेला आणि फारसीत दाद मागितली. अशी अदब, अशी भाषा असलेलं फिरंगी पोर दरबाराला नवं होतं. पाहता पाहता त्याचं नाव दारा शुकोहच्या कानावर गेलं आणि शहाजहानच्या या थोरल्या मुलानं त्याला तोफखान्यात ठेवून घेतलं. पगार महिना ऐंशी रुपये. तोफ चालवण्याचा त्याला आधीचा काहीही अनुभव नव्हता!

सामूगढ : तोफेच्या मागून पाहिलेली लढाई

२९ मे १६५८. दारा विरुद्ध औरंगजेब. हिंदुस्थानचं तख्त कुणाचं, ते या एका दिवसात ठरलं. मनुची दाराच्या तोफखान्यात उभा होता. दरबारी इतिहासकार अशा लढाईचं वर्णन करताना सरदारांची नावं, किताब, हत्तींची संख्या मांडतात. मनुचीचं लक्ष तोफचीचं आहे. दाराच्या तोफा साखळ्यांनी एकमेकींना जखडलेल्या होत्या. गोलंदाजी फार लवकर सुरू झाली, शत्रू टप्प्यात येण्याआधीच, आणि दारूगोळा वाया गेला. मग दारा स्वतः चाल करून आपल्याच तोफांच्या पुढे निघून गेला. आता मागून गोळा डागावा तर आपलीच माणसं मरायची. पुढची गोष्ट शाळेच्या पुस्तकातली आहे : दारा हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला, लांबून सैन्याला रिकामी अंबारी दिसली, धनी पडला असं वाटून पळापळ झाली.

लढाई हरल्यावर शहाणी माणसं जिंकणाऱ्याकडे जातात. भाडोत्री शिपाई तर हमखास जातात. मनुची गेला नाही. वेष बदलून, औरंगजेबाच्याच सैन्याच्या गर्दीत मिसळून तो लाहोरला दाराकडे पोचला. सिंधू नदीतल्या भक्करच्या किल्ल्यात फिरंगी तोफचींचा म्होरक्या होऊन त्यानं वेढा सोसला. बाहेरून बाणाला चिठ्ठ्या बांधून आत सोडल्या जात : धनी सोडा, मालामाल करतो. तो बधला नाही. किल्ला अखेर दाराच्याच हुकमावरून खाली झाला. नंतर औरंगजेबाची चाकरी चालून आली, तीही त्यानं नाकारली. तो माणूस मला आवडत नव्हता, हे कारण त्यानं सरळ लिहून ठेवलं आहे.

भाडोत्री शिपाई म्हटलं की पैशासाठी तलवार विकणारा, असं एक चित्र आपल्या मनात असतं. वीस वर्षांच्या या पोरानं ते खोटं पाडलं. मला मनुची पहिल्यांदा आवडला तो या भक्करच्या पानांत.

घाटघरहून दिसणारा नकाशा

आता आपल्या मुलखात येऊ. मनुची दख्खनेत आला तो मिर्झाराजांबरोबर. जयसिंगांनी त्याला तोफखान्यात घेतलं आणि एक नाजूक काम सोपवलं. रामनगर, पेठ आणि त्यांच्या शेजारच्या डोंगरी राजांकडे जायचं आणि शिवाजीला वाट देऊ नका, असं त्यांना पटवायचं.

हे काम एवढं महत्त्वाचं का, ते कळायला जुन्नर तालुक्यातल्या घाटघरसारखी दुसरी जागा नाही. जीवधनच्या पायथ्याचं हे गाव. तिथून नाणेघाटाच्या माथ्यावर जायचं, नानाच्या अंगठ्यावर उभं राहायचं आणि १६६५ सालचं राजकारण अंदाजानं मांडायचं. पायाखाली सरळ कोसळलेला कडा. खाली वैशाखरे, मुरबाड, पुढे कल्याण; त्या बाजूला महाराजांचा वावर. त्याच्याही पलीकडे, नजर पोचत नाही तिथे, वसई, ती पोर्तुगीजांकडे. पाठीमागे जुन्नर आणि महाराजांचं जन्मस्थान शिवनेरी, दोन्ही मोगलांकडे. १६५७मध्ये महाराजांनी जुन्नरची पेठ लुटली होती, ती याच मोगलांची. आणि उत्तरेला सह्याद्रीची धार धरून गेलं, तर जव्हार, पेठ, रामनगर. तिन्ही सत्तांच्या मधोमध बसलेले छोटे राजे. घाटवाटा त्यांच्या हातात. ते ज्याला वाट देतील तो सुरतेपर्यंत जाईल, आणि सुरत १६६४च्या जानेवारीत लुटली गेली होती.

जव्हारचं मुकणे घराणं महादेव कोळ्यांचं. घाटघरच्या परिसरात आजही वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांचीच आहे. डोंगरातल्या वाटा ज्यांना पाठ होत्या, त्यांच्याशी बोलायला मिर्झाराजांनी व्हेनिसचा माणूस पाठवला, ही गोष्ट मला फार मजेशीर वाटते. मोगलांच्या मेहनतीचं पुढे काय झालं? सात वर्षांनी, १६७२मध्ये, मराठ्यांनी जव्हार आणि रामनगर दोन्ही घेतली.

नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी शिलालेख आहे, माथ्यावर जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण आहे. इथून दोन हजार वर्षं माल गेला, माणसं गेली. मनुचीच्या काळातला एक लेखकही इथून गेला, तो इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर. १६७५मध्ये जुन्नरच्या मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून तो मुंबईहून निघाला. जाताना वाट चुकून आंबेगावच्या बाजूच्या आहुप्याच्या घाटानं चढला, येताना नाणेघाटानं उतरला. शिवनेरी आतून पाहून आला आणि हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल एवढी शिधासामग्री गडावर आहे, असं लिहून गेला. १६९८मध्ये लंडनला त्याचं पुस्तक निघालं. आहुपे आणि घाटघर या दोन गावांचे घाट एकाच प्रवासवर्णनात आले, ते या चुकलेल्या वाटेमुळे.

महाराजांनी काय विचारलं?

पुन्हा त्या छावणीत. पत्त्यांच्या रात्रीनंतर मनुची महाराजांशी आणखीही बोलला. बोलणं फारसी-हिंदुस्तानीत. महाराजांनी विषय काढला युरोपातल्या राजांचा. कोकण किनाऱ्यावर रोजची गाठ पोर्तुगीजांशी, म्हणून युरोपात मोठा राजा एकच, पोर्तुगालचा, अशी त्यांची समजूत असल्याचं मनुची लिहितो. मग त्यानं इतर राजांची, त्यांच्या सामर्थ्याची माहिती दिली. धर्मावरही बोलणं झालं.

या नोंदीवर थोडं थांबायला हवं. काय परिस्थिती होती? किल्ला लढवणारे मुरारबाजी पडलेले. तेवीस किल्ले द्यायचा तह समोर. मोगल सरदार दिलेरखान जिवावर उठलेला. अशा वेळी शत्रूच्या गोटात बसून महाराज एका परक्या तोफचीला विचारताहेत की तुमच्याकडे राजे किती, त्यांचं बळ केवढं. हातून किल्ले जाताना पुढच्या खेळीसाठी माहिती गोळा करणारी ही बुद्धी आहे. बखरीत ती स्तुतीच्या शब्दांत येते. मनुचीच्या पानावर ती काम करताना दिसते. त्याला स्तुती करायची नव्हती. त्याला स्वतःची ऐट मिरवायची होती. म्हणून त्याच्या साक्षीला वजन आहे.

गाईची कास आणि हुक्क्याची नळी

तोफखाना सोडल्यावर मनुची वसईला आला, तिथून गोव्याला. गोव्याशी त्याचं अजिबात पटलं नाही. तिथून सटकला तो चक्क कार्मेलाइट पंथाच्या पाद्र्याचा झगा घालून! मग विजापूरच्या हद्दीतून मोगलाईत, आणि फिरत फिरत लाहोरला.

लाहोरात त्यानं पाटी बदलली. आता तो हकीम. वैद्यकाचं शिक्षण? इकडून तिकडून वेचलेलं. पण फिरंगी हकिमाला मान होता आणि या माणसाकडे अंगभूत धीटपणा होता. एका काझीची बायको अत्यवस्थ होती, इतर हकिमांनी हात टेकले होते. मनुचीनं एनिमा द्यायचं ठरवलं. साधन कुठलं आणणार? त्यानं गाईची कास मागवली. ती झाली पिशवी. हुक्क्याची नळी घेतली. ती झाली तोटी. औषधी काढा भरला आणि उपचार केला. बाई वाचली आणि लाहोरभर नाव झालं. सहा-सात वर्षं तिथे त्याची वैद्यकी जोरात चालली.

हा प्रसंग वाचताना हसू येतं, पण त्यातला कारागीर बघा. साधन नाही म्हणून तो अडून बसला नाही, हाताशी असलेल्या दोन वस्तूंचं एक उपकरण केलं.

पैसा गाठीला जमल्यावर ख्रिस्ती मुलखात स्थायिक व्हावं, असं त्याच्या मनात आलं. त्यानं जागा निवडली साष्टी बेटावरचं वांद्रं! होय, आपलं मुंबईचं वांद्रं, तेव्हा पोर्तुगीजांच्या हद्दीतलं. पण जहाजी व्यापारात घातलेली पुंजी बुडाली आणि वांद्र्याचा निवांतपणा संपला. परत दिल्ली, परत औषधाची पेटी.

या खेपेला नशीब उघडलं. औरंगजेबाचा मुलगा शाह आलम याच्या एका बेगमेला त्यानं बरं केलं आणि शहजाद्याचा हकीम म्हणून नेमणूक झाली. जनानखान्यात हकिमाला नेताना डोक्यावरून कमरेपर्यंत कापड टाकत, खोजे हात धरून आत नेत आणि तसंच बाहेर आणत. नाडी पाहायची ती पडद्याआडून पुढे केलेल्या हाताची. कधीकधी बाई आजारी नसेच, परक्या माणसाशी चार शब्द बोलायला मिळावेत म्हणून आजाराचं सोंग असे, असंही तो लिहितो. पुढे शाह आलमनं हुकूम दिला की याच्या डोक्यावर कापड नको. मोगल जनानखान्यावर पुष्कळ प्रवाशांनी लिहिलं, बरंचसं कल्पनेनं. मनुचीकडे निदान आत जायचा परवाना होता.

दाढीची मोजणी, संगीताची अंत्ययात्रा

आता गप्पांचा भाग, कारण मनुची गप्पिष्टही पहिल्या नंबरचा. त्यानं लिहिलेल्या दोन गोष्टी फार गाजल्या. एक, औरंगजेबानं फर्मान काढलं की दाढी चार बोटांपेक्षा लांब नको, आणि मग अधिकारी रस्त्यात लोकांना अडवून दाढ्या मोजू लागले. दुसरी, संगीतावर बंदी आल्यावर गवई-वादकांनी तिरडी सजवून रडत-ओरडत अंत्ययात्रा काढली. बादशहानं विचारलं, कोण गेलं? उत्तर आलं, संगीत गेलं. बादशहा म्हणाला, मग चांगलं खोल पुरा, पुन्हा वर यायला नको.

संगीताच्या अंत्ययात्रेची गोष्ट इतरत्रही आढळते, पण औरंगजेबाच्या काळातही गायन-वादन आणि संगीतावरचे ग्रंथ चालूच राहिले, हे अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. दाराचं मुंडकं पेटीत घालून कैदेतल्या शहाजहानकडे जेवणाच्या वेळी पाठवलं, ही अंगावर काटा आणणारी कथाही मनुचीचीच. तिथे तो हजर नव्हता, आणि इतिहासकार ती ग्राह्य धरत नाहीत.

मनुची वाचायची किल्ली इथे आहे. तो जिथे स्वतः उभा आहे, तिथे फार भरवशाचा. जिथे बाजारात ऐकलेलं सांगतो, तिथे चवीनं वाचावं आणि पडताळून घ्यावं. तोफ, वेढा, नाडी, वकिली ही त्याची पाहिलेली पानं. बादशहाच्या जेवणाचं ताट हे ऐकलेलं. हिंदूंच्या चालीरीतींवर त्यानं लिहिलेला बराच भाग तर पूर्वग्रहानं भरलेला आहे आणि वाचताना राग येतो. तोही त्याच चाळणीतून घालावा.

गोव्याच्या वेशीवर संभाजी महाराज

नोव्हेंबर १६८३. गोव्याची झोप उडालेली. संभाजी महाराजांच्या सैन्यानं गोवे शहराजवळचं जुवे बेट एका रात्रीत घेतलं. ते परत घ्यायला गेलेला व्हाइसरॉय काउंट आल्व्होर मार खाऊन कसाबसा निसटला. शहरात एवढी घबराट, की व्हाइसरॉयनं आपला राजदंड सेंट झेवियरच्या शवाजवळ नेऊन ठेवला आणि संताला साकडं घातलं.

मनुची तेव्हा गोव्यातच होता. शाह आलमकडून रजा काढून आला होता. फारसी येणारा, मोगल दरबाराची नस ओळखणारा, मराठ्यांशी बोलू शकणारा युरोपियन आल्व्होरला आणखी कुठे मिळणार? त्यानं मनुचीला वकील म्हणून संभाजी महाराजांकडे पाठवलं, शाह आलमकडेही पाठवलं. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर तेव्हा संभाजी महाराजांच्या आश्रयाला होता, त्याच्याशीही याच्या भेटी झाल्या. या कामगिरीबद्दल जानेवारी १६८४मध्ये मनुचीला पोर्तुगालच्या सँटियागो पंथाचा ‘नाइट’ करण्यात आलं. ज्या गोव्यातून तो पाद्र्याचा झगा घालून पळाला होता, त्याच गोव्यानं त्याला मानाचा क्रूस दिला.

मग शाह आलमची प्रचंड फौज रामघाट उतरून कोकणात आली आणि मराठ्यांना गोव्याची मोहीम आवरती घ्यावी लागली. पण त्या फौजेचे पुढे जे हाल झाले, ते मनुचीनं फार जवळून टिपलेत. धान्य संपलं, रोगराई पसरली. माणसं, घोडी, उंट पटापट मरू लागले आणि घाट चढून परत जाता जाता फौजेचा कणा मोडला. तलवार न उपसता सह्याद्रीनं मोगलांचं काय केलं, हे समजायला ही पानं वाचावीत. नाणेघाट, माळशेज, आंबोली, कुठल्याही घाटाखाली पावसाळा काढलेल्या माणसाला ती लगेच पटतील.

शाह आलमनं मनुचीला परत ठेवून घेतलं, सोडायला तयार होईना. हा गोवळकोंड्याला पळाला, तिथेही जीव अडकला, मग तिथूनही निसटला आणि १६८६मध्ये मद्रासला इंग्रजांच्या आश्रयाला आला.

लग्न, औषधी खडे आणि चोरीला गेलेलं पुस्तक

मद्रासला त्यानं लग्न केलं. एलिझाबेथ क्लार्क नावाच्या विधवेशी, १६८६मध्येच. बाग असलेलं घर मिळालं. स्वतःच्या कृतीचं ताकदीचं औषध आणि औषधी खडे विकायला सुरुवात केली. ‘मनुचीचे खडे’ म्हणून ते ओळखले जात. नवाब दाऊदखान मद्रासवर चालून आला, तेव्हा गव्हर्नर टॉमस पिटनं बोलणी करायला पुन्हा यालाच पाठवलं. पिट म्हणजे तोच, ज्यानं विकत घेतलेला प्रचंड हिरा पुढे फ्रान्सच्या राजमुकुटात गेला.

या सगळ्यात रात्री दिव्यापाशी बसून तो आयुष्य सांगत होता आणि लेखनिक लिहून घेत होते. जो लेखनिक मिळेल त्याच्या भाषेत मजकूर. म्हणून ‘स्तोरिया दो मोगोर’ हा त्याचा ग्रंथ काही इटालियन, काही पोर्तुगीज, काही फ्रेंच असा तीन भाषांत उतरला आहे. १७०१च्या सुमारास त्यानं एक प्रत पॅरिसला पाठवली. तिथे ती कात्रू नावाच्या जेझुइट पाद्र्याच्या हाती पडली आणि १७०५मध्ये त्यानं तिच्या आधारे मोगलांचा इतिहास स्वतःच्या नावानं छापला. मनुचीचं आयुष्य बाजूला पडलं, आणि दरबाराचा इतिहास तेवढा राहिला.

बातमी कळल्यावर म्हातारा भडकला. त्यानं आपल्याजवळचं हस्तलिखित थेट व्हेनिसच्या सिनेटकडे रवाना केलं आणि न्याय मागितला. चौदाव्या वर्षी सोडलेल्या गावाकडे त्यानं आपला ग्रंथ धाडला. स्वतः कधीच परत गेला नाही. ऐंशीच्या घरात पोचून तो हिंदुस्थानातच वारला. ग्रंथ सेंट मार्कच्या ग्रंथालयात पडून राहिला. अखेर विल्यम अर्विन या निवृत्त सनदी अधिकाऱ्यानं हस्तलिखितं शोधली, भाषांतर केलं आणि १९०७-०८मध्ये चार खंडांत छापलं. दोनशे वर्षं उशीर!

मनुचीनं चित्रंही जमवली होती. शाह आलमच्या पदरचा मीर महंमद हा चित्रकार त्याचा मित्र. बादशहा, शहजादे, सरदार अशी पन्नासहून जास्त चित्रं त्यानं काढून दिली. त्यात घोड्यावर स्वार झालेले शिवाजी महाराज आणि सोबत पायी चालणारे हत्यारबंद मावळे, असं एक आहे. तो चित्रसंग्रह व्हेनिसला पोचला, आणि तिथून १७९७मध्ये नेपोलियनच्या लोकांनी तो उचलून पॅरिसला नेला. आज तो फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. पाठ्यपुस्तकात, पोस्टरवर, दिवाळी अंकात आपण महाराजांचं ते चित्र असंख्य वेळा पाहिलंय. तसबिरीखाली मनुचीचं नाव मात्र क्वचितच असतं.

याच वाटेचे आणखी दोघे

तलवारीकडून लेखणीकडे आलेले आणखी दोघं आपल्याकडचे म्हणावेत असे आहेत. विल्यम हेन्री टोन हा आयरिश शिपाईगडी १७९०च्या दशकात पुण्यात पेशव्यांच्या पायदळात होता. मराठ्यांची फौज कशी चालते, पगार कसे होतात, यावर त्यानं लिहिलेलं पत्र पुस्तकरूपानं निघालं आणि अभ्यासक ते अजून वापरतात. आयर्लंडचा प्रसिद्ध क्रांतिकारक वुल्फ टोन हा त्याचा सख्खा भाऊ. विल्यम १८०२मध्ये होळकरांच्या बाजूनं लढताना पडला.

दुसरा फिलिप मेडोज टेलर. पंधराव्या वर्षी मुंबईला एका व्यापाऱ्याकडे नोकरीला म्हणून आला, आणि गेला निजामाच्या फौजेत. १८३९मध्ये ठगांवरची त्याची कादंबरी निघाली आणि इंग्लंडात गाजली. नळदुर्गच्या किल्ल्यात त्यानं काही वर्षं कारभार केला. तुळजापूर आणि अफझलखानाच्या काळावर बेतलेली ‘तारा’ ही कादंबरी त्यानं १८६३मध्ये लिहिली. त्याच्यावर वेगळा लेखच हवा.

सुरुवात कुठून करावी?

मनुची मराठीतही आहे. ज. स. चौबळ यांनी केलेला अनुवाद ‘असे होते मोगल’ या नावानं प्रसिद्ध झालाय. जुन्या ग्रंथालयांत विचारा. बहुतेक जण ते पुस्तक उघडून महाराजांच्या भेटीचं पान शोधतात, वाचतात आणि मिटतात. तसं करू नका. आधी भक्करचा वेढा वाचा, मग लाहोरची वैद्यकी, आणि मग रामघाटातली मोगल फौज. रामघाटाची पानं शक्य झाल्यास घाटघरला मुक्काम असताना काढा, जुलैत, जीवधन ढगात गेलेला असताना. शाह आलमचे उंट कोकणात का मेले, ते समजावून सांगायला तिथे दुसरं कुणी लागत नाही.